वाढप्याच्या हातातलं उष्टं

गुरुवारी सकाळी साडेनऊला क्लायंटच्या सपोर्ट टीमकडून फोन आला. त्यांच्या एका पेशंटला आदल्या संध्याकाळी पोर्टलवर स्वतःचं क्रिएटिनीन ५.२ दिसलं होतं. पुरुषांमध्ये ते साधारण ०.७ ते १.३ च्या आत असतं. पाचच्या पुढे गेलेला आकडा म्हणजे किडन्या जवळजवळ थकल्या. माणूस साठीचा, रक्तदाबाची गोळी चालू, दरवर्षी नेमाने तपासण्या करून घेणारा. रात्रभर घर जागं होतं. मुलगी बंगलोरहून पहाटेच्या विमानाने निघाली. सकाळी लॅब उघडल्या उघडल्या ते छापील रिपोर्ट घ्यायला गेले. त्यावर १.० होतं.

"मग पोर्टलवर दिसला तो कुणाचा होता?" सपोर्टच्या बाईंनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. त्या क्षणी खरंच नव्हतं. दुपारी बारापर्यंत समजलं, आणि त्यानंतरचे दोन दिवस मी ते कुणाला सांगितलं नाही. हे लिहितोय ते मुख्यतः त्या दोन दिवसांबद्दल.

गोष्ट २०१४ची. पण ती समजायला आधी एका साध्या कल्पनेकडे जावं लागेल, जिचं नाव उगाचच भारदस्त आहे: डिपेंडन्सी इंजेक्शन. कोडिंगशी संबंध नसलेल्यांनी इथूनच स्क्रोल करून पळू नये. मला स्वतःला ही कल्पना कॉलेजमध्ये कळली नव्हती. ती मला आमच्या घरच्या ओट्यावर, वहीच्या फाडलेल्या कागदावर आधीच भेटून गेली होती, एवढंच.

माझे वडील, अण्णा, लग्नकार्यातले आचारी. वाईच्या आसपासची दहा-बारा गावं त्यांची. लग्न ठरलं की यजमान घरी येत, चहा होई आणि अण्णा यादी सांगायला लागत. लिहायला मी. माणसं ३००. तांदूळ २५ किलो, तूरडाळ ८ किलो, बटाटे, गूळ, चिंच, सुकं खोबरं, गोडा मसाला तुमच्या घरचा. यादीच्या शेवटी नेहमी त्याच तीन वस्तू: मलमल दोन मीटर, सुतळी, काडेपेट्यांचा पुडा. सगळं आणायचं यजमानांनी. पातेली, कढया, पराती भाड्याच्या, त्याही त्यांनीच आणायच्या. अण्णा स्वतःचा झारा आणि सुरी घेऊन जात, बस.

लहानपणी मला याची लाज वाटायची. गावातल्या दुसऱ्या आचाऱ्याने टेम्पो घेतला होता. तो सामानासकट यायचा, वाण्याकडे त्याचं खातं होतं. अण्णा मात्र शेवटपर्यंत दुकानात गेले नाहीत. म्हणायचे, आचाऱ्याने चुलीपाशी थांबावं. ज्याचं घर त्याचं तेल. कुणी शेंगतेल देईल, कुणी तूप देईल, कुणाची ऐपत डालड्याची असेल. मला काय, मला चरबट पदार्थ हवा, तो आणून द्या, मसालेभात मी करतो.

प्रोग्रॅममधल्या ऑब्जेक्टचंही असंच असतं. रिपोर्ट दाखवणाऱ्या ऑब्जेक्टला डेटाबेसशी बोलणारा दुसरा ऑब्जेक्ट लागतो. तो त्याने स्वतःच आत 'न्यू' म्हणून तयार केला, तर तो टेम्पोवाला आचारी झाला: दुकान ठरलेलं, तेल ठरलेलं, दुकान बंद तर स्वयंपाक बंद. त्यापेक्षा त्याने आपल्या कन्स्ट्रक्टरमध्ये यादी द्यावी. मला हे, हे आणि हे लागेल. कुठून आणायचं ते बाहेरच्याने बघावं. मग टेस्ट करताना खऱ्या डेटाबेसऐवजी खोटा, चार ओळींचा डेटाबेस हातात दिला तरी त्याला फरक कळत नाही. हा बाहेरचा, म्हणजे यजमान, त्याला कंटेनर म्हणतात. संपलं. एवढ्यासाठी एवढं मोठं नाव.

नावाची गोष्ट मात्र मला आवडते. रॉड जॉन्सन नावाच्या माणसाने २००२ साली जावावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्या काळच्या अवजड एंटरप्राइज जावावर वैतागून त्याने पुस्तकासोबत स्वतःचा हजारो ओळींचा कोड दिला होता. वाचकांपैकी दोघांनी त्याला गळ घातली की हे ओपन सोर्स कर. त्यातून स्प्रिंग उभं राहिलं. नाव वसंत ऋतूवरून, जुन्या पद्धतीच्या हिवाळ्यानंतरचा म्हणून. जॉन्सनची डॉक्टरेट संगीतशास्त्रातली आहे, हे मी मुलाखतीला येणाऱ्या पोरांना हमखास सांगतो. घाबरलेली पोरं जरा सैलावतात. स्प्रिंगची १.० आवृत्ती मार्च २००४ मध्ये आली. त्याच वर्षी जानेवारीत मार्टिन फाउलरने एक लेख लिहिला. तोवर लोक या प्रकाराला 'इन्व्हर्जन ऑफ कंट्रोल' म्हणत. फाउलरचं म्हणणं असं की हे नाव फारच मोघम आहे, नियंत्रण उलटं तर कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये होतं. म्हणून इतरांशी चर्चा करून त्याने 'डिपेंडन्सी इंजेक्शन' हे नाव पक्कं केलं. मोघमपणा गेला आणि सुई आली.

आता वेब सर्व्हिस. कुणीतरी फोनवरून किंवा ब्राउझरमधून विचारतं, माझा रिपोर्ट द्या. सर्व्हरवर त्या प्रश्नाचं उत्तर देणारा एक क्लास असतो. आमच्याकडे हे काम जर्सी करत होतं. जावात वेब सर्व्हिस कशा लिहायच्या याचे नियम २००८ मध्ये ठरले, जॅक्स-आर-एस म्हणतात त्यांना, आणि जर्सी ही त्या नियमांची मूळ नमुना अंमलबजावणी. जर्सीचा रिवाज असा: प्रत्येक विचारणेला त्या क्लासचा नवा ऑब्जेक्ट बनवायचा, उत्तर द्यायचं आणि तो टाकून द्यायचा. पत्रावळीसारखा. एक माणूस, एक पान.

बाकीचा सगळा प्रोजेक्ट स्प्रिंगवर होता. आणि स्प्रिंगचा रिवाज बरोबर उलटा. तुम्ही काही वेगळं सांगितलं नाहीत, तर तो प्रत्येक गोष्टीचा एकच ऑब्जेक्ट बनवतो आणि सर्व्हर चालू असेपर्यंत तोच सगळ्यांना वापरायला देतो. सिंगलटन. यातही काही चूक नाही.

दोन यजमान एका मांडवात. तरीही आमचं बरं चाललं होतं, कारण रिपोर्टचा क्लास पूर्णपणे जर्सीच्या ताब्यात होता. मग क्लायंटने सांगितलं की रिपोर्ट उघडला की पेशंटच्या डॉक्टरांनाही कळवायचं. कळवणारी सर्व्हिस स्प्रिंगकडे तयार होती. मी रिपोर्टच्या क्लासमध्ये एक फील्ड टाकलं, त्यावर 'ऑटोवायर्ड' लिहिलं, चालवून पाहिलं. नल पॉइंटर एक्सेप्शन.

इथे या वाटेने गेलेला जवळजवळ प्रत्येकजण एकदा तरी ठेचकाळलेला असतो. यादी लिहिलेली आहे, वस्तू दुकानात आहे, पण हातात काहीच पडत नाही. कारण सोपं असतं: ऑब्जेक्ट बनवला जर्सीने, यादी होती स्प्रिंगच्या नावाची. स्प्रिंगला अशी काही यादी आहे हेच माहीत नाही. म्हणजे सामान एका घरी सांगितलं आणि चूल पेटली दुसऱ्याच्या घरी. तासभर डोकं खाजवल्यावर मला नेटवर उत्तर सापडलं. क्लासच्या डोक्यावर 'कम्पोनंट' हे ॲनोटेशन लावा, म्हणजे स्प्रिंग तो क्लास ताब्यात घेईल. त्या उत्तरात त्याखाली आणखी एक ओळ होती, स्कोपची. ऑब्जेक्ट किती काळ जगेल ते सांगणारी. मला ती सजावट वाटली. मी एकच ओळ उचलली. नल गेला, डॉक्टरांना कळवणं सुरू झालं, संध्याकाळच्या सहाच्या बसने मी घरी गेलो.

एक शब्द. त्या शब्दाने क्लासमधली एकही ओळ बदलली नाही. बदललं ते त्याचं आयुष्य. काल तो एका माणसापुरता जन्मायचा. आजपासून सगळ्यांसाठी एकच.

त्या क्लासमध्ये एक फील्ड पाच महिन्यांपासून बसलेलं होतं. पेशंटचा नंबर. आत सात मेथड होत्या, प्रत्येकीला तो नंबर लागायचा. दर वेळी हातातून हातात द्यायचा कंटाळा म्हणून तो एकदाच फील्डमध्ये ठेवून दिला होता. लिहिणारा आमच्या टीममधला सर्वांत धाकटा, परभणीचा. आम्ही त्याला परभणीच म्हणायचो, तोही ओ द्यायचा. त्याच्या त्या कोडचा रिव्ह्यू मी केला होता. मी 'चालेल' लिहिलं होतं, आणि ते चालतही होतं. देखणं नव्हतं, पण जर्सीच्या घरात पूर्ण बरोबर होतं. दर माणसाला नवा ऑब्जेक्ट, तर त्यातला नंबर त्याच माणसाचा.

स्प्रिंगच्या घरात काय झालं ते बघा. संध्याकाळी सात वाजता पहिला पेशंट येतो. त्याचा नंबर फील्डमध्ये. याला हा रिपोर्ट पाहायचा अधिकार आहे का, हे डेटाबेसला विचारलं जातं. उत्तर यायला पाव सेकंद. त्या पाव सेकंदात दुसरा पेशंट येतो. ऑब्जेक्ट तोच, फील्ड तेच. दुसऱ्याचा नंबर पहिल्याच्या नंबरावर लिहिला जातो. पहिल्याचं उत्तर येतं, हो, अधिकार आहे. मग त्याच्यासाठी रिपोर्ट काढायला जातात ते फील्डमधल्या नंबराने. वरच्या पट्टीतलं नाव लॉगिनमधून येत होतं, म्हणून ते बरोबर. खालचा तक्ता दुसऱ्याचा. स्वतःच्या नावाखाली परक्याच्या किडन्या.

माझ्या लॅपटॉपवर हे कधीच दिसलं नसतं. तिथे जेवायला मी एकटा. टेस्टिंगच्या दोघी वेगवेगळ्या पानांवर क्लिक करत होत्या. आमच्या युनिट टेस्ट एकामागून एक शिस्तीत चालत. गुरुवारी दुपारी मी जेमीटरने एकदम ५० थ्रेड सोडले. पहिल्याच मिनिटात तक्ते अदलाबदल व्हायला लागले. लंच रूममधून पोळीभाजीचा वास येत होता आणि मला मळमळत होतं.

मी पहिल्यांदा लॉग उघडले. किती जणांना चुकीचं दिसलं हे तरी कळावं. लॉगमध्ये प्रत्येक ओळीवर पेशंटचा नंबर छापलेला होता. छापला जात होता त्याच फील्डमधून. म्हणजे साक्षीदारही त्याच गोंधळात सापडलेला. नवी आवृत्ती चढवून नऊ दिवस झाले होते, त्या नऊ संध्याकाळींमध्ये कुणी कुणाचं पाहिलं हे सांगता येण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

आणि मग एक गोष्ट लक्षात आली, जी आजही रात्री कधीतरी आठवते. नऊ दिवसांत तक्रारीचा फोन एकच का आला? कारण ज्याला वाईट आकडा दिसतो तो फोन करतो. ज्याचं ५.२ होतं आणि ज्याला १.० दिसलं, तो माणूस फोन करत नाही. तो निवांत झोपतो.

शुक्रवारी मीटिंग झाली. मॅनेजर, मी, परभणी, टेस्टिंगच्या दोघी, आणि फोनवर एक आर्किटेक्ट. तोवर जुनी आवृत्ती परत चढवून झाली होती, आग विझली होती. आता ती कशी लागली ते शोधायचं होतं. मॅनेजरने प्रोजेक्टरवर फाइल उघडली आणि गिट ब्लेम लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फाइलमधली प्रत्येक ओळ शेवटची कुणी बदलली त्याचं नाव त्या ओळीशेजारी दाखवणारी ही सोय आहे. तिला इतकं स्पष्ट नाव द्यायची गरज नव्हती.

पेशंट नंबरच्या फील्डशेजारी परभणीचं नाव होतं.

"शेअर्ड ऑब्जेक्टमध्ये स्टेट?" फोनवरून आवाज आला. "हे तर बेसिक आहे. थ्रेड सेफ्टी."

ॲनोटेशन त्याच फाइलमध्ये होतं. वर, क्लासच्या नावाच्या डोक्यावर. मधे कॉमेंटच्या ओळी भरपूर, म्हणून पडद्यावर येत नव्हतं. दोन-तीन वेळा स्क्रोल केलं असतं तर माझं नाव दिसलं असतं. तो ऑब्जेक्ट शेअर्ड कधीपासून झाला, हा प्रश्न कुणी विचारला नाही. सगळ्यांनी धरूनच चाललं की तो नेहमीच तसा होता. मी लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटून बसलो होतो.

परभणी उभा राहिला, उभं राहायची काही गरज नव्हती, आणि म्हणाला, "सॉरी सर. माझं लक्ष राहिलं नाही."

त्याचं प्रोबेशन संपायला वीस दिवस होते.

मी का बोललो नाही, याचं एखादं गुंतागुंतीचं कारण असतं तर बरं झालं असतं. नव्हतं. मी घाबरलो. माझ्या फ्लॅटचं कर्ज नुकतं मंजूर झालं होतं, हे कारण मी स्वतःला त्या रात्री सांगितलं. पण मीटिंगमध्ये बसलेलो असताना कर्ज डोक्यात नव्हतं. डोक्यात एवढंच होतं की स्क्रोल करू नका.

संध्याकाळी घरी फोन लावला. अण्णा तेव्हा कामं कमी करत आले होते, गुडघ्यांमुळे.

"अण्णा, एक घोळ झालाय ऑफिसात."

"किती माणसांचा?" त्यांनी विचारलं. त्यांचं सगळं मोजमाप माणसांत.

मी जमेल तसं सांगितलं. जर्सी, स्प्रिंग हे सगळं वगळून. की उत्तर देणारा आधी प्रत्येकासाठी वेगळा असायचा, मग सगळ्यांना मिळून एकच झाला, आणि आधीच्याचा नंबर त्याच्याजवळ राहून गेला.

अण्णा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे वाढप्याच्या हातात आधीच्या पानावरचं उष्टं राहिलं."

इतकं नेमकं वर्णन मी त्या प्रकाराचं कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. पंगतीत दोनशे पानांमागे आमटीची बादली घेतलेला वाढपी एकच असतो. त्यात काहीच बिघडत नाही, प्रत्येक पानाला वेगळा वाढपी कोण देणार? सिंगलटन म्हणजे तोच. अट एकच, आणि त्या एका अटीसाठी मी अण्णांना पाहुण्यांसमोर पोरांवर ओरडताना पाहिलंय: डाव पानाला लागता कामा नये. वरून सोडायचं आणि पुढे जायचं. एका पानावरचं काही म्हणजे काही दुसऱ्या पानापर्यंत जायचं नाही. डाव टेकला की अण्णा अख्खी बादली बाजूला ठेवायला लावत, यजमान कितीही कुरकुरले तरी. परभणीच्या क्लासमधलं ते फील्ड म्हणजे पानाला टेकलेला डाव.

पण अण्णांचं बोलणं संपलं नव्हतं.

"तो पोरगा वाढपी होता का?"

"नाही," मी म्हणालो. "त्याला एकाच पानापुरतं बसवलं होतं. समजा पाहुण्यांत कुणी आजारी असलं तर त्याच्याजवळ एक पोर बसवतात ना भरवायला, तसं."

"मग पंगतीत कुणी उभा केला त्याला?"

मी काही बोललो नाही. अण्णांनीही पुढे काही विचारलं नाही. "तुझ्या आईला देतो," म्हणाले. आईने जेवलास का विचारलं.

फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांनाही हा प्रश्न पडलेला दिसतो, की मुकाट्याने आयुष्य ठरवायचं तर ते कुठलं ठरवायचं. २००९ मध्ये जावासाठी इंजेक्शनचे सामाईक नियम झाले. त्यात गूगलच्या लोकांबरोबर रॉड जॉन्सन स्वतः होता. त्या नियमांत मात्र काही सांगितलं नाही तर एका वापरापुरता नवा ऑब्जेक्ट बनवून विसरून जायचा, असं ठरलं. म्हणजे स्प्रिंगच्या बरोबर उलट. मायक्रोसॉफ्टचं एएसपी डॉट नेट कोअर २०१६ मध्ये आलं ते इंजेक्शन अंगभूत घेऊनच, आणि तिथे मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते आहे: मुकाट्याने काही नाहीच. सर्व्हिस नोंदवतानाच तीनपैकी एक शब्द उच्चारावा लागतो, दर वेळी नवा, एका विचारणेपुरता, किंवा सगळ्यांना एक. शिवाय डेव्हलपमेंट चालू असताना ते तपासूनही बघतं की एका विचारणेपुरत्या ऑब्जेक्टला कुणी कायमच्या ऑब्जेक्टने आत धरून तर ठेवलं नाही ना. या दुखण्याला मार्क सीमनने २०१४ मध्ये 'कॅप्टिव्ह डिपेंडन्सी' असं नाव दिलं. डांबून ठेवलेला. माझं दुखणं त्याचा चुलतभाऊ. मी ऑब्जेक्ट डांबला नव्हता, नुसता नंबर डांबला होता. या सगळ्याने माझ्या त्या शुक्रवारात काही फरक पडला असता असं मात्र नाही. मी ती दुसरी ओळ वाचली होती. स्प्रिंगने मला फसवलं नाही.

शनिवारी सकाळी मॅनेजरला फोन केला आणि सांगितलं. ते खरंच वैतागले. चुकीबद्दल नाही, वेळेबद्दल. "आता कशाला? आरसीए काल रात्रीच गेली क्लायंटला." आरसीए म्हणजे चूक कशी झाली याचा खुलासा. त्यात 'ज्युनियर डेव्हलपरकडून झालेली मानवी चूक' असं लिहिलं होतं. मी म्हणालो, दुरुस्त करून पाठवा. ते म्हणाले, दोन वेळा वेगळं कारण दिलं तर क्लायंटला वाटेल आम्हाला काहीच कळत नाही. मी म्हणालो, मग मी पाठवतो. पंधरा-वीस मिनिटं हुज्जत घातल्यावर त्यांनी सोमवारी सुधारित खुलासा पाठवला. 'ज्युनियर डेव्हलपर' गेलं, त्या जागी 'फ्रेमवर्क कॉन्फिगरेशनमधील बदल' आलं. बदल कुणी केला ते नव्हतं. परभणीचं नाव निघालं, पण माझं काही आलं नाही. मी पुन्हा हुज्जत घातली नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

त्याच दिवशी परभणीला खाली टपरीवर घेऊन गेलो. हिंजवडीचा जून, पाऊस नुकता लागलेला, ताडपत्रीवरून पाणी ओघळत होतं. दोन कटिंग सांगितल्या. मी पाठ करून ठेवलेलं वाक्य म्हणायला लागलो की त्या फाइलच्या वरच्या भागात एक ॲनोटेशन आहे.

"माहितीये सर," तो म्हणाला. "शुक्रवारी रात्रीच लॉग बघितला होता गिटचा. तारीख बघितली."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला होता. "माझ्या कन्फर्मेशनचा फॉर्म तुमच्याकडंच यायचा होता."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तोही बोलला नाही. चहाचे पैसे मी देऊ लागलो तर त्याने आधीच दिलेले होते.

मंगळवारी आम्ही दोघांनी बसून फाइल दुरुस्त केली. ऑब्जेक्ट एका विचारणेपुरता करायची ती सुटलेली ओळ टाकली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. परभणी नको म्हणाला. उद्या कुणीतरी ती ओळ पुन्हा सजावट समजून काढेल. त्याने फील्डच काढून टाकलं आणि पेशंटचा नंबर सातही मेथडना एकेक करून हातात दिला. माझं ॲनोटेशन तसंच राहिलं. आता तो वाढपीच आहे, पण हात रिकामे. मग त्याने ५० थ्रेडची ती चाचणी रोजच्या बिल्डमध्ये घातली. ती चालायला चार मिनिटं लागतात. पुढची दोन वर्षं प्रत्येकजण तिच्या नावाने बोटं मोडायचा, पण कुणी ती काढली नाही. फॉर्म आला तेव्हा मी जे लिहायचं ते लिहिलं. तो कन्फर्म झाला. आता तो माझ्यापेक्षा मोठ्या हुद्द्यावर आहे, दुसरीकडे, आणि मला अजून सरच म्हणतो, ते मला नको असतं.

राहिले ते नऊ दिवस. लॅबने त्या काळात रिपोर्ट उघडलेल्या सगळ्यांना एसएमएस पाठवायचं कबूल केलं: तांत्रिक अडचणीमुळे आपला रिपोर्ट चुकीचा दिसला असण्याची शक्यता आहे, कृपया पुन्हा पाहावा किंवा लॅबशी संपर्क साधावा. मजकूर आम्हीच लिहून दिला. 'कृपया' असावं की 'तातडीने', यावर त्यांच्याकडच्या बाईंशी बरंच बोलणं झालं. 'कृपया' राहिलं.

एसएमएस बुधवारी दुपारी चारला गेले. कुणी रिपोर्ट पुन्हा उघडला ते आता नीट मोजता येत होतं, लॉगमधला नंबर आता खरा होता. संध्याकाळी बाकी ऑफिस रिकामं झाल्यावर आम्ही दोघं एका स्क्रीनसमोर बसून तो आकडा वाढताना पाहत होतो. सहा वाजता भराभर वाढत होता. साडेसातला सावकाश. साडेआठनंतर तो हललाच नाही, आणि तेव्हा निम्म्याहून जास्त लोक उरलेले होते.

परभणीने घड्याळ पाहिलं. "सर," तो म्हणाला, "उद्या परत पाठवायला सांगू या का?"

मी त्या बाईंचा नंबर लावला.